उंदरांपायी भावाचं लग्न

भावाचं लग्न ठरल्याचा फोन आला तेव्हा मी उंदरांची अंथरुणं बदलून नुकतीच बाहेर आलेले. आई तिकडून तारीख सांगत होती आणि इकडे मी बोटांवर दिवस मोजत होते. तिला वाटलं, पोरीला आनंदाने बोलता येईना. आनंद होताच, पण मी मोजत होते ते दिवस वेगळे. लग्नाची तारीख नेमकी आमच्या उंदरांच्या तारखांवर बसलेली.

उंदरांच्या तारखा म्हणजे काय, हे मी आईला समजावायला गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "उंदरायपाई सख्ख्या भावाचं लगन सोडतं काय वं तू?"

तिचं तरी काय चुकलं? आमच्या घरी उंदीर म्हणजे ज्वारीच्या पोत्याला भोक पाडणारा. त्याला धरायला पिंजरा लावायचा आणि धरला की लांब नेऊन काय करायचं ते करायचं. इथे ठाण्यात मानपाड्याच्या प्रयोगशाळेत त्याला पिंजऱ्यात ठेवून वेळेवर खायला घालतात, खालचा भुसा बदलतात, खोलीला एसी लावतात, आणि एवढं सगळं करायला यवतमाळकडून एक बाई येते. ती मी. मी दिव्याला राहते तिथे पाणी एक दिवसाआड येतं, तेही भांडण घेऊनच. उंदरांना गाळलेलं पाणी बाटलीतून, हवं तेव्हा. गावी मी हे सांगितलं तेव्हा आमच्या शेजारच्या काकांनी विचारलं, "एखादी जागा असंन तं पाय ना माह्यासाठी. उंदराची."

माझी शाळा सातवीला सुटली. मी तिला सोडलं की तिने मला, ते अजून ठरलेलं नाही. मावशी आधीपासून दिव्यात. ती या संशोधन संस्थेत साफसफाईला होती, तिनेच मला आणलं. मुलाखत मॅडमनी घेतली. त्या आमच्या प्रमुख. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहतात, केस पांढरे, मराठी इतकी स्वच्छ की तिच्यासमोर आपण चप्पल काढून उभं राहावं. त्यांनी विचारलं, "उंदरांची भीती वाटते का तुला?"

मी म्हटलं, "नाही मॅडम. माणसांची वाटते."

त्या मोठ्याने हसल्या आणि मला घेतलं. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. मी आपलं खरं सांगितलेलं.

कारण मी घाबरट आहे. मॅडमनी "जरा आत ये" म्हटलं की त्यांच्या दारापर्यंत जाईस्तोवर मी मनात बॅग भरून कल्याण स्टेशनवर उभी असते. आत गेल्यावर त्या म्हणतात, "तिळगूळ घे." मी तिळगूळ घेते, पाया पडते, आणि बाहेर येऊन आधी मनातली बॅग रिकामी करते. सातवी पास बाईला पांढरा गाऊन घालून एसीत उभं राहायला मिळतं, हे कधीतरी कुणाच्या लक्षात येईल आणि "अहो, चूक झाली, तुम्ही निघा" म्हणतील, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत आलंय.

तर त्या तारखा. आमच्याकडे एक डोंबिवलीचा मुलगा पीएचडी करतो. उंच आणि चांगला आडवाही. मी त्याला सर म्हणते, तो मला ताई. त्याचा प्रयोग असा. मेंदूत खोल कुठेतरी एक हार्मोन तयार होतं. ते उंदराच्या मेंदूत बारीक नळीने थेंबभर दिलं तर त्याच्या हृदयाचे ठोके कसे बदलतात, ते बघायचं. उंदराच्या पोटात एक इवलंसं यंत्र बसवलेलं असतं. ते ठोके मोजून बाहेर कळवतं आणि शेजारच्या खोलीत संगणकावर रेघ उमटते. उंदीर आपला पिंजऱ्यात मिशा साफ करत बसलेला, आणि त्याच्या छातीतलं सगळं पडद्यावर. सुरुवातीला मला बघायची लाजच वाटायची. आपली छाती कुणी अशी पडद्यावर लावली तर?

सरांनी मला समजावलेलं, "ताई, हृदयाला आपण उगाच भाव देतो. ते भाडेकरू आहे. मालक वर राहतो, डोक्यात."

दिव्यात राहणाऱ्या माणसाला हे दोनदा सांगावं लागत नाही. वरच्या मजल्यावरून मालकाने नुसती हाक मारली तरी खालच्याचे ठोके वाढतात.

पण औषध द्यायच्या आधी उंदीर शांत पाहिजे. घाबरलेल्या उंदराला औषध दिलं, तर ठोके औषधाने बदलले की भीतीने, कोण सांगणार? म्हणून प्रयोगाआधी काही आठवडे रोज त्यांना हातात घ्यायचं, कुरवाळायचं, माणसाची सवय लावायची. हे सर आणि मी दोघांनी करायचं ठरलेलं. पण सरांनी हातात घेतलं की उंदीर त्यांच्या हातावर लेंड्या टाकायचे आणि माझ्या हातात आले की डोळे मिटायचे. सर म्हणाले, "ताई, तूच कर, मी तोवर वाचून घेतो." तसं करता करता ते काम सगळंच माझ्याकडे आलं. कुणाला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

गंमत बघा, जिची स्वतःची छाती दिवसभर धडधडते तिच्याच हातात उंदीर झोपतात. मी काही विशेष करत नाही. हळू आवाजात गावाकडचं बोलत राहते. "ये वं माय, ये. काई नाई होत. कोनी काई नाई करत तुले." ते सगळे नर होते, तरी माझ्यासाठी मायच. नावं मात्र मी ठेवली नाहीत. प्रयोग संपला की उंदीरही संपतात, हे मॅडमनी मला पहिल्याच आठवड्यात समोर बसवून, काही न लपवता सांगितलेलं. तेव्हापासून मी त्यांना नाव देत नाही, पण "काई नाई होत" म्हणताना माझा आवाज थोडा खाली जातो.

नळी बसवली की ती मोजकेच दिवस चांगली राहते. एकदा सुरू केलं की मध्ये थांबता येत नाही. उंदरांची ऑपरेशनं होऊन गेलेली, आणि त्याच दिवसांत तिकडे लग्न. बरं, मी नुसती पाहुणी नव्हते. मी करवली होते. नवरदेवाच्या मागे करा धरून उभी राहणारी सख्खी बहीण. आम्ही दोघंच भावंडं. मी नाही गेले तर करा धरायला एक चुलत बहीण होती, पण ती आणि आई एकमेकींशी बोलत नाहीत. म्हणजे करा तिने धरला असता आणि अबोला आईने.

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "अगं, भावाचं लग्न आहे, जा की! हा आहे ना इथे. आम्ही बघून घेऊ."

सरांचा चेहरा मात्र उतरला. ते म्हणाले, "मॅडम, एकदा ट्रायल घेऊन बघू या."

ट्रायल अशी की मी बाहेर संगणकाच्या खोलीत मॅडमबरोबर बसायचं, सरांनी आत जाऊन उंदराला उचलायचं. औषध काही नाही, नुसतं उचलायचं. उंदराचं हृदय तसंही आपल्या चौपट-पाचपट वेगाने चालतं, पण शांत असला की रेघ कशी सरळ जाते. सरांनी दार उघडलं आणि रेघेने मान वर केली. सरांनी हात आत घातला आणि रेघ पळत सुटली. पळत पळत पार वर जाऊन बसली आणि तिथून खाली यायलाच तयार नाही. दुसरा उंदीर, तिसरा उंदीर, तेच.

सर बाहेर आले, हात धुतले. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं.

"इतके आठवडे हिने यांना सवय लावली. तू काय करत होतास?"

"मॅडम, मी रेफरन्स वाचत होतो."

"उंदरांनी नाही ना वाचलेले."

मला हसू आलं नाही. सरांचं दोन वर्षांचं काम त्या पिंजऱ्यांत बसलेलं. ते माझ्या करवलीपणाने बुडणार. मी म्हटलं, "मॅडम, मी नाही जात."

"गप्प बस. जेवायला चल."

आम्ही तिघं डबे उघडून बसलो. सर भाकरीचा तुकडा नुसता भाजीत फिरवत होते. मग एकदम म्हणाले, "आता काय करू? साडी नेसून ताई होऊ का?"

मला तेव्हा ठसकाच लागला. पाणी प्यायले, डोळे पुसले आणि बोलून गेले, "तुम्ही हसाल सर, पण माझ्या बापाने नेसलंय."

"काय?"

"लुगडं. म्हशीसाठी."

मग सांगावंच लागलं. हा जो भाऊ आता नवरदेव होणार, त्याच्या बाळंतपणाला आई माहेरी गेलेली. मी लहान, बापाजवळ राहिलेले. आमची म्हैस आईच्या हाताची. बाप खाली बसला की ती पाय झाडायची, रेडकू लावलं तरी पान्हा चोरायची. सडांना हात लावू देईना. बापाने सरकी दिली, गूळ दिला, हात जोडले, शिव्या दिल्या. शेवटी एका सकाळी त्याने आईचं खुंटीवरचं न धुतलेलं लुगडं काढलं, सदऱ्यावरून कसंबसं गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि बारीक आवाजात आई म्हणायची तसं "हं वं माय, हं, सोड वं" म्हणत खाली बसला. म्हशीने मान वळवून एकदा त्याला हुंगलं, आणि पान्हा सोडला. चरवी भरली. पण कुंपणावर शेजारची पोरं चढलेली. त्यानंतर कित्येक वर्षं बाप पारावर गेला की मित्र उठून म्हणायचे, "या वहिनी, बसा."

सर पोट धरून हसत होते. मी म्हटलं, "पुढचं तर ऐका. आई बाळाला घेऊन आली. अंगाला शेक-धुरीचा वास, बाळंतशोपेचा वास. म्हशीने तिलाच लाथ मारली. आई बापाच्या नावाने ओरडते, 'माझं लुगडं दे आधी!' आणि बाप म्हणतो, 'थांब, दूध काढून होऊ दे.'"

मॅडम हसत नव्हत्या. त्यांचा घास हातातच राहिलेला.

"पान्हा," त्या म्हणाल्या. "अरे, पान्हाच तर!" मग माझ्याकडे वळून, एखाद्या वर्गाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. म्हशीला पान्हा सोडायचा हुकूम सडात नसतो, मेंदूत असतो. ओळखीचा वास, ओळखीचा आवाज आला की मेंदू ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सोडतो आणि दूध उतरतं. परक्याची भीती वाटली की दुसरी हार्मोनं धावून येतात आणि पान्हा अडतो. तेच ऑक्सिटोसिन मेंदूतून हृदयाकडेही निरोप धाडतं, घाबरलेले ठोके खाली आणतं असं दिसतं. ते नेमकं किती आणि कसं, हेच सर उंदरांत शोधत होते.

मी म्हटलं, "म्हणजे सर इतके दिवस आमच्या म्हशीचाच अभ्यास करतायत?"

"जवळजवळ," मॅडम म्हणाल्या. "फक्त हा म्हैस विसरला."

"मॅडम, ऑक्सिटोसिन मला माहितीये, पण—"

"माहितीये ना? मग हिचा गाऊन घाल."

आमचे गाऊन प्राणीघरातच राहतात, आठवड्याने धुलाईला जातात. माझा पाच दिवस वापरलेला होता, म्हणजे चांगला मुरलेला. माझी उंची मॅडमच्या खांद्याएवढी. सरांनी तो गाऊन अंगात घातला तेव्हा बाह्या कोपरापर्यंतच पोचल्या, बटणं एकमेकांना दुरूनच बघत राहिली आणि काखेत टर्र असा आवाज आला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "श्वास कमी घे."

सर आत गेले. रेघ चढली, पण मघासारखी पळाली नाही. अर्ध्यावर जाऊन विचार करत बसली. मॅडम पुढे सरकल्या. "वास पटला. आता आवाज. ए, बोल त्यांच्याशी!"

आतून सरांचा आवाज आला. "अरे, टेन्शन नको घेऊ रे! चिल मार, मी आहे ना!"

रेघ टुणकन वर. टेन्शन घेऊ नको म्हटलं की माणसाचंही वाढतंच.

मग माझी शिकवणी सुरू झाली. मी मॅट्रिक नाही आणि पीएचडीवाल्याला शिकवतेय. सर अभ्यासू, सगळं पटकन पाठ केलं, पण म्हणायचे स्टेशनवरच्या घोषणेसारखं. मी म्हटलं, "सर, घाई नको. कुठे जायचंच नाहीये असं बोला." हे डोंबिवलीच्या माणसाला फार जड जातं. बाहेरच्या पॅसेजमध्ये सर फेऱ्या मारत "ये वं माय, ये" करत होते. वॉचमन काका दोनदा डोकावून गेले. तिसऱ्यांदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी कळवू काय त्यांच्या?"

दोन दिवस हेच. दुसऱ्या दिवशी दुपारी सर आत गेले आणि कंटाळून, थकून, आवाज पार खाली सोडून म्हणाले, "काई नाई होत. कोनी काई नाई करत तुले." रेघ चढली, थबकली आणि हळूहळू उतरून सरळ चालायला लागली. मॅडमनी टाळी वाजवायला हात उचलले आणि आवाज होईल म्हणून तसेच धरून ठेवले. मग म्हणाल्या, "आता सगळ्या उंदरांना हेच. हाच गाऊन, हेच बोलणं, आणि प्रबंधात हे सगळं लिहायचं. काही लपवायचं नाही."

सर म्हणाले, "मॅडम, 'ये वं माय' इंग्रजीत कसं लिहू?"

"तो तुझा प्रश्न."

मी कल्याणला गाडीत बसले. सुटले एकदाची, म्हणून नाचायला हवं होतं. पण भुसावळ येईस्तोवर डोक्यात एकच. गाऊनवर काम भागतंय तर माझी गरज काय? आजवर मला वाटायचं, एवढं तरी आपल्याला येतं. ते निघालं काखेत फाटलेल्या गाऊनमधलं. मी शपथेवर सांगते, त्या गाऊनचा मला हेवा वाटला.

लग्नात मी करा धरून भावाच्या मागे उभी. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, आणि कमरेच्या बटव्यात फोन थरथरायला लागला. सरांचाच असणार. उंदीर बिथरले असणार. माझी छाती अशी काही उडायला लागली की कऱ्यावरचा नारळ हलताना मला दिसत होता. मागून आई पुटपुटली, "नीट धर वं, भावाच्या डोक्यात पडंन." भावाने बिचाऱ्याने मान खाली घातली.

अक्षता पडल्या. मी करा आईच्या हातात दिला आणि मांडवाच्या मागे जाऊन व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर सर. अंगात माझा गाऊन, संगणकाच्या खोलीत बसलेले.

"काय झालं सर? बिघडलं का? मी निघते. उद्याच निघते—"

सर माझ्याकडे बघत राहिले आणि मग अगदी हळू, कुठे जायचंच नाही असं म्हणाले, "काई नाई होत, ताई. कोनी काई नाई करत तुले."

त्यांनी ते मुद्दाम म्हटलं की सवयीने, माहीत नाही. म्हणून झाल्यावर तेच लाजले. पण मला खरंच बसावंसं वाटलं आणि मी तिथल्या जर्मनच्या उपड्या पातेल्यावर बसले. छातीतलं उडणं एकेक पायरी उतरत खाली आलं. मेंदूत त्या वेळी काय सुटलं ते मॅडमनाच माहीत. सरांनी फोन फिरवून संगणक दाखवला. सगळ्या रेघा सरळ.

करा घेऊन आई मागे येऊन उभी राहिलेली. तिने फोनमध्ये डोकं घातलं. "हा कोनाचा पोरगा वं? आपल्याच इकडचा दिसते. गाऊन कावून फाटका घातला त्यानं?"

"आई, ते सर आहेत."

"लगन झालं काय तुमचं, सर?"

सर घाबरून म्हणाले, "नाही काकू," आणि फोन कापला. त्या क्षणी त्यांच्या छातीला यंत्र लावलेलं असतं तर रेघ पडद्याबाहेर गेली असती.

परत आले तेव्हा शेवटचे थोडे उंदीर राहिलेले. नखांत हळद, हातावर मेंदी, केसात मांडवाचा धूर. दोनदा साबणाने हात धुतले, नवा गाऊन घातला आणि आत जाऊन म्हटलं, "ये वं माय." उंदीर कोपऱ्यात जाऊन बसला. मी उचलला तर त्याने माझ्या हातावर लेंड्या टाकल्या.

काचेपलीकडे मॅडम आणि सर पडद्याकडे बघत होते. मला रेघ दिसत नव्हती, पण त्यांची तोंडं दिसत होती. मी उंदीर खाली ठेवला, बाहेर आले. मनातली बॅग अर्धी भरून झालेली.

"मॅडम, माझ्या हातात आता काही राहिलं नाही."

"हळद राहिलीये," मॅडम म्हणाल्या. "म्हशीने आईला लाथ मारली, हे तूच सांगितलंस ना? मग रडतेस कशाला? पुढच्या महिन्यात नवे उंदीर येतायत. त्यांना तुम्ही दोघांनी मिळून सवय लावायची, रोज, आणि याने वाचायचं घरी. आता हे उरलेले पुरे कर, उशीर होतोय."

सरांनी अंगातला गाऊन काढला. दुसरी काखही फाटलेली. तो माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "घे तुझं लुगडं."

त्याला माझा वास राहिलेला की सरांचा, ते उंदरांनाच ठाऊक. मला वडापावचा आला. मी तो घातला, आत जाऊन पिंजऱ्यापाशी बसले आणि बराच वेळ नुसती बोलत राहिले. उंदीर कोपऱ्यातून निघाला, बाहीपाशी आला, हुंगलं, आणि हातात चढून बसला. काचेपलीकडून मॅडमनी बोटाने खूण केली, रेघ उतरतेय म्हणून. उंदराची. माझी पडद्यावर कुणी लावलेली नव्हती.